अण्णांचा डोळा आणि क्रेटचा तळ

गुरु. १२ ऑगस्ट २००४
अण्णांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग शाबूत आहे. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून दोनदा तपासलं, मगच सांगितलं. कडेला रक्त झिरपलंय, साखरेमुळे. पुण्याला लेसर. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकावं. धाकटा भाऊ म्हणून सोबत मी. वहिनी बाकावर बसून स्वच्छ चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होत्या.
कोडं एकच. अण्णांचे साखरेचे सगळे रिपोर्ट चांगले. बाई म्हणाल्या, "मग काय पडदा खोटं बोलतोय?" मागच्या तीन महिन्यांची साखर एकदम कळते, ती तपासणी लिहून दिली.

शनि. १४ ऑगस्ट
रिपोर्ट आला. साखर फार वर.
वहिनींनी बिंग फोडलं. तपासणीला रक्त द्यायच्या आधी दोन दिवस अण्णांचा भात बंद, चहा बंद. कारलं नि भाकरी. रक्त देऊन घरी आले की गुळाचा चहा, वर पेढा. चार वर्षं हेच.
अण्णांना कळंबच्या घरी जाऊन विचारलं. रागावले नाहीत. "टोमॅटो नारायणगावला नेताना क्रेटात वरचा थर निवडूनच लावत्यात. समदेच लावत्यात."
"आणि व्यापारी काय करतो?"
"क्रेट ओतून बघतो."

मी तरी काय केलं? तालुक्याची बातमी असती तर दुसरीकडून खात्री केली असती. भावाचा कागद आला, घडी घालून ठेवला. इतकी वर्षं बातमीदारी करून…

मंगळ. २४ ऑगस्ट
पुणे. लेसरची पहिली खेप झाली.  परतीच्या एसटीत अण्णांना काळा चष्मा.
वहिनी : "लई हिरो दिसताय."
अण्णा : "मी दिसून काय उपेग? तू दिसली पायजे."
वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. चाकणपर्यंत हसू होतं चेहऱ्यावर.

रवि. ५ सप्टें.
कळंब. अण्णा ओट्यावर टोमॅटो निवडत होते, लाल एकीकडे, गुलाबी एकीकडे. मी मागून पाहिलं. एकही चुकला नाही. सांगितलं नाही, उगाच चढतील.
आता वर खराब माल लावतात, का कोण जाणे. विचारलं तर, "बघू दे की लोकांना."
चहा बिनसाखरेचा. तोंड वाकडं केलं, पण प्यायले.

शुक्र. १० सप्टें.
बाईंचा फोन. तीन महिन्यांची तपासणी पुन्हा नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर. मुद्दाम.
अण्णा म्हणाले, "आधी न्हाई का व्हायची?"
"नाही."
"म्हंजी बाई पुरता क्रेट ओतणार."
वहिनी आतून : "ओतू द्या. यंदा लाडू न्हाईत, चकल्याच."
सोमवारी लेसरची दुसरी खेप, सकाळच्या एसटीने. डावा डोळाही त्याच दिवशी बघणार आहेत.