हौसेनं मासे धरून सोडणारे सोयरे

घाटंजी,
डिसेंबर सरता सरता

प्रिय मित्र अश्वजित,

तुले आणि साधनावहिनीले जयभीम, आणि या गरीब मेकॅनिकचा सलाम. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही बरे असाल असं धरून चाललो आहे. नसाल तर आधी ते कळव, बाकीचं पत्र नंतर वाच. वहिनीच्या गुडघ्याचं आता कसं काय? मी आलतो तेव्हा त्या लंगडत होत्या, पण बाजारात मासे आणायले निघाल्या तेव्हा माझ्यापुढे चालत होत्या, म्हणून विचारलं. (संशय नाही, चौकशी आहे.)

हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण डोंगरसिंगच्या एसटीडी बूथचा काही भरवसा नाही. तो काचेच्या बाहेर बसून आपले ओठ पाहते. मागं मी अकीलाच्या भावाबद्दल, म्हणजे माझ्या मेहुण्याबद्दल, तुझ्याशी दोन शब्द बोललो, ते मी घरी पोचायच्या आधी अकीलाले पाठ झालते. म्हणून पत्र.

आता हर्णैच्या स्थळाचं. तुले माहीतच आहे, यंदा कापसाले भाव नाही. लोकांनी माल घरातच रचून ठेवला आहे आणि खाट बाहेर काढून कापसावरच झोपून राह्यले. जिनिंगची मशीन फिरत नाही, फिरत नाही म्हणून बिघडत नाही, आणि बिघडल्याशिवाय मले कोण बोलावते? अकीला म्हणाली, "रिकामे बसले आहात, तर आपल्या रुबीनासाठी अश्वजितभाऊंनी सुचवलेलं पोरगं तरी पाहून या." वर्ध्याहून गाडी धरली, मग एसटीनं अंग खिळखिळं करत दापोलीले आलो. तू दुसऱ्या दिवशी मले हर्णैले पोराच्या घरी, मुकादमांच्या दारात सोडलं आणि "मले ड्युटी आहे" म्हणून पळाला. तुझ्या हातात तेव्हा भाजीची पिशवी होती. ड्युटीवर एसटीचा कोणता कंट्रोलर भाजीची पिशवी घेऊन जाते, हे मी दारात उभा राहूनच मनात टिपून ठेवलं.

माझा पहिला संशय तुले ठाऊकच होता. मारेगावात, मुकुटबनात, यवतमाळात पोरींचा काय दुष्काळ पडला, की समुद्रावरच्या माणसानं आमची रुबीना मागावी? पोरात काहीतरी खोट असल्याशिवाय इतक्या लांबून मागणी येत नाही. त्यात आडनाव मुकादम. आपल्याकडे मुकादम म्हणजे मजुरांची टोळी नेणारा माणूस, पण यांचा बर्फाचा कारखाना निघाला. बर्फही मले काही खात्रीचा धंदा वाटला नाही. सकाळचा माल संध्याकाळी दिसतच नाही!

पण खरी गडबड चहानंतर सुरू झाली. मुकादमसाहेब म्हणाले, "थंडीत समुद्र शांत असतो. उद्या गळ टाकायला जाऊ, चला." मले वाटलं घरच्या कालवणासाठी जात असतील. तर म्हणे, हौस! त्यांनी एक डबा उघडून दाखवला. आत रंगवलेले प्लॅस्टिकचे मासे, वर डोळे चितारलेले, पोटाले गळाचे तीन तीन आकडे. खोटा मासा पाण्यात नाचवायचा, खरा मासा फसून येते. अश्वजित, मागच्या साली आपल्याकडे चकचकीत पाकिटावर हातभर बोंड दाखवून जे बोगस बियाणं विकलं, ते पेरणाऱ्या लोकांच्या गावचा मी माणूस. मी मनात म्हटलं, निजामुद्दीन, ज्या घरात बापाचा छंदच हा आहे, तिथं पोरगं दाखवलं तसंच असेल कशावरून?

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघं होडीत बसलो. मुकादमसाहेब, त्यांचा पोरगा अरसलान आणि मी. (समुद्राबद्दल एवढंच लिहितो, की त्याले पलीकडचा काठ नाही, आणि ज्याले काठ नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवावा?) थोड्या वेळानं मुकादमसाहेबांच्या गळाले एक सुरमई लागली. ओढत, सोडत, घामाघूम होत त्यांनी ती वर घेतली, आकडा अलगद काढला, तिच्याकडे लेकीकडे पाहावं तसं पाहिलं आणि परत पाण्यात सोडून दिली.

मी म्हटलं, "हे काय केलं?"

"लहान होती. पुढल्या वर्षी मोठी होऊन येईल."

"येईलच कशावरून?"

"नाही आली तर नाही आली," ते म्हणाले आणि हसले.

आता सांग. एवढी मेहनत करून हातात आलेला माल जो माणूस सोडून देते, तो एकतर वेडा असला पाहिजे, नाहीतर मासे हे निमित्त असून समुद्रात त्याचं दुसरंच काही चालू असलं पाहिजे. मी होडीतल्या ताडपत्रीखाली पाय घालून चाचपून पाहिलं. जेवणाचा डबा निघाला.

मग त्यांनी पाहुणा म्हणून माझ्या हातात त्यांचा सगळ्यात चांगला दांडा दिला. त्याले दोऱ्याची चकरी, चकरीच्या डोक्यावर एक लहान चाकी. मुकादमसाहेब म्हणाले, "काही लागलं तर घाबरू नका. फक्त या चाकीला हात लावू नका." माणूस हात लावू नका म्हणते तेव्हा तिथंच काहीतरी असते. मी त्या चाकीवर नजर ठेवून बसलो आणि तेवढ्यात झटका बसला. दांडा वाकला, चकरी कर्र कर्र करत उलटी फिरायले लागली, दोरा सटासट सुटायले लागला. तीस वर्षं मशीन दुरुस्त करून राह्यलो, घसरता पट्टा मले आवाजावरून समजते. मले वाटलं, चकरी ढिली आहे, आणि पाहुण्याची फजिती व्हावी म्हणून मुद्दाम ढिली ठेवली आहे. मी चाकी धरली आणि आपल्या घाटंजी पद्धतीनं कसून टाकली. पार शेवटपर्यंत.

(नंतर अरसलाननं समजावलं, की ती ढिलीच ठेवायची असते. मासा जोरात पळाला की दोरा सुटत राहते, मासा दमते, काही तुटत नाही. हे आधी सांगायले काय झालतं?)

चकरी थांबली, पण मासा थांबला नाही. पुढच्या क्षणी दांडा, मी आणि माझी लोकरीची टोपी, तिघंही समुद्रात. मले फक्त गावच्या नाल्यात कंबरभर पाण्यात पोहता येते, हे तुले शाळेपासून माहीत आहे. दांडा मी सोडला नाही. कायले सोडला नाही, विचारू नको. दुसऱ्याची वस्तू होती. "अब्बा, दांडा सोडा! दांडा सोडा, अब्बा!" असा आवाज आला आणि अरसलाननं कपड्यांसकट उडी घेऊन मले काखेतून धरलं. तेव्हा कुठं मी दांडा सोडला आणि तो गेला तो गेलाच. होडीत पडल्या पडल्या, नाकातून खारं पाणी येत असताना, मले पहिला विचार काय आला असेल? मी अजून होकार दिला नाही, मग हा मले अब्बा काहून म्हणते?

 मुकादमसाहेबांनी स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर टाकलं. अरसलाननं हळूच सांगितलं, तो दांडा त्यांच्या मरहूम भावानं कुवेतहून पाठवलेला होता. मी माफी मागितली, तर म्हणाले, "माणूस वर आला ना? मग झालं." एवढं नुकसान होऊन जो माणूस चिडत नाही, त्याच्या मनात काय चाललं असेल, या काळजीनं मी थंडीपेक्षा जास्त कुडकुडून राह्यलो होतो.

रात्रीच्या जेवणाले माझ्यानं राहवलं नाही. त्यांचाच सदरा घालून, त्यांच्याच ताटात जेवताना मी सरळ विचारलं, "खरं सांगा, एवढ्या दूरची मुलगी तुम्हाले कायले पाहिजे? पोराले काही आजार आहे काय?"

 मग अरसलानची आई म्हणाली, "आजार होता. कावीळ झाली होती. टेलिफोनच्या केबलच्या कामाला तुमच्या घाटंजीला होता तेव्हा. तुमच्या सरकारी दवाखान्यात खाटेवर पडून चोरून मिरचीची भजी खायचा. तुमच्या मुलीनं खाटेखालची पुडी काढून बाहेर फेकली आणि सगळ्या वॉर्डासमोर याला झाडलं. घरी आला तो म्हणाला, अम्मी, मला लग्न करायचं तर त्या सिस्टरशीच. मी म्हटलं, जी मुलगी याला ऐकवू शकते, ती मला चालेल."

अरसलान ताटात पाहून राह्यलता. त्याचे कान तांबडे झालते. मी हात धुतले, "विचार करून कळवतो" म्हणालो, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. मुकादमसाहेब स्टँडवर सुकटीची पुडी घेऊन आले. त्या वासापायी कंडक्टरनं मले मागच्या सीटवर पाठवलं.

घरी येऊन रुबीनाले विचारलं, "भजीवाला काविळीचा कोणी पेशंट होता काय?" ती म्हणाली, "पेशंट पुष्कळ असतात, अब्बा." पण तेव्हापासून ती माझ्या चहात साखर टाकत नाही. अकीला म्हणते, "तुम्ही पोरगं पाहायले गेलते, की आमची इज्जत बुडवायले?"

एकूण काय, स्थळ संशयाचं आहे. मी काही घाईत होकार देत नाही. वहिनीले सलाम.

तुझा,
निजामुद्दीन

ता. क. : मुकादमसाहेब माझ्याबद्दल काही बोलले काय? सहज विचारतो. त्यांचा सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे.

ता. क. : तुले दवाखान्याची गोष्ट आधीपासून माहीत होती ना? खरं सांग. आणि भाजीची पिशवी घेऊन तू कुठं चाललता?

ता. क. : मी पाण्यात दोनदा खाली गेलो होतो, आणि तो पोरगा दोन्ही वेळा माझ्यामागं खाली आला. हे वर लिहायचं राहून गेलं. ज्याले आपल्या बापाच्या दांड्यापेक्षा परका म्हातारा मोठा वाटते, त्याच्या घरी पोरगी द्यायले मले भीती नाही. भीती आता दुसरी आहे. अशा खुळ्या माणसाची सोयरीक त्यांनी कायले करावी? तू एकदा हर्णैले जा. मी पाठवलं असं सांगू नको. आपल्याच मनानं गेल्यासारखा जा आणि ते अजून तयार आहेत काय ते पाहा. त्यांनी नाही म्हटलं तर मले लगेच कळवू नको, आधी अकीलाले कळव.

ता. क. : काका, मी रुबीना. अब्बा रोज पाकीट उघडतात, एक ता. क. वाढवतात आणि परत चिकटवतात. आज ते सदऱ्याला दुसऱ्यांदा इस्त्री करून राह्यले आहेत, तेवढ्यात मीच हे पत्र पोस्टात टाकून येते. तुम्ही हर्णैला माझ्याकडून हो सांगा. आणि त्यांना म्हणा, अजूनही भजी बंदच आहेत.