पाव-दूध आणि शनिवारची पुडी

मी सेलिना मुरहाउस, खाणकामगार कै. एनॉक मुरहाउस याची विधवा, राहणार घर क्रमांक नऊ, प्रॉव्हिडन्स रो, अपर क्लफ, यॉर्कशायर, माझ्या मागे काय कुणाचं व्हावं ते आज सांगून लिहून घेत आहे. वय अठ्ठ्याहत्तर, पंच्याहत्तरही असेल, कारण नोंद करणाऱ्या पाद्र्याला ऐकू कमी यायचं. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, असं डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं, असं वकिलांचे कारकून श्री. पिंडर यांनी मला सांगितलं आहे. मला अक्षर येत नाही. सातव्या वर्षी गिरणीत गेले, तिथे कुणी पाटी दिली नाही. म्हणून मी बोलेन ते पिंडर लिहितील आणि त्यातलं काहीही गाळणार नाहीत, या अटीवरच त्यांना चहा मिळाला आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर आज फाडावं लागलं असतं. सहा आठवड्यांपूर्वी मला जे कळलं त्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकली ती अजून जागेवर आलेली नाही.

कलम पहिलं. घर माझं नाही, खाणकंपनीचं आहे. ते कुणाला देता येत नाही. त्याची गळकी मोरी मात्र कंपनीला मनापासून परत करते.

कलम दुसरं. भिंतीवरचं घड्याळ, एनॉकचं खोरं आणि सशांवर टाकायची जाळी माझा मुलगा विल्फ्रेड याला. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. ते तसंच ठेवावं, नाहीतर हा मुलगा माझ्या दफनालाही उशिरा येईल.

कलम तिसरं. चिंध्यांचं मोठं जाजम प्रार्थनाघरातल्या बायकांना. त्यात माझे दोन परकर आणि एनॉकची लग्नातली विजार आहे. गुडघे टेकताना आठवण ठेवावी.

कलम चौथं. माझे दोन फेरेट. मालमत्तेचं वर्णन लागतं असं पिंडर म्हणतात, म्हणून सांगते. एक नर, पांढरा, गुलाबी डोळ्यांचा, नाव बिशप. एक मादी, तपकिरी, नाव टॅन्सी. लोकरीच्या मोज्याएवढी लांबी, पाय आखूड, वास भरपूर. काम: बिळात शिरून ससे बाहेर हुसकावणं आणि गोदामातले उंदीर संपवणं. बाकी वेळ झोपणं. राहतात परसातल्या लाकडी खुराड्यात. विल्फ्रेड हे दोघं मागतो आहे. त्याला ते मिळणार नाहीत. का, ते पुढे.

कलम पाचवं. हे कलम नाही, कबुलीजबाब आहे, असं पिंडर म्हणतात. असू दे.

लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातल्या फेरेटांचं पोट माझ्याकडे. माझ्या आईची रीत तीच माझी: सकाळ-संध्याकाळ कोमट दुधात शिळा पाव कुस्करायचा, रविवारी वर चमचाभर काकवी. मांस नाही. मांसाची चटक लागली की फेरेट बिळातच ससा खाऊन तिथेच ताणून देतो आणि माणसाच्या बोटाला चावतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. खालच्या रांगेपासून वरच्या खाणीपर्यंत कुणाचा फेरेट मलूल झाला की त्या घरातली बाई माझ्या दारात. "सेलिनाबाई, काय घालू?" मी म्हणायचे, "दूध वाढव." किती घरांत मी दूध वाढवलं, देवा.

ऑगस्टच्या शेवटी एनॉक गेला. मी दुःख कुणाला दाखवलं नाही, पण त्याच्या फेरेटांचे आता दुप्पट लाड करायचे ठरवलं. पाव जास्त, दूध जास्त, काकवी रोज. दोन आठवड्यांत बिशपचे केस राठ झाले. चौथ्या आठवड्यात टॅन्सीला हगवण लागली. पाचव्यात बिशप मागचे पाय ओढत चालायला लागला. मला वाटलं, मालकासाठी झुरताहेत. मी त्यांना जवळ घेऊन म्हटलं, "बाबांनो, मीही झुरतेय, पण मी उभी आहे ना?"

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी खाटीक हेग दारात आला. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात कागदाची पुडी.

"सेलिनाबाई, एनॉकची पुडी. म्हटलं आता तुमच्याच हातात द्यावी."

"कसली पुडी?"

"फेरेटांची हो. सशाची मुंडकी, कोंबडीच्या माना, काळजाचा तुकडा. दर शनिवारची. बदल्यात तो माझ्या गोदामातले उंदीर मारून द्यायचा."

"आमचे फेरेट पाव-दूध खातात, हेग."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "बाई," तो म्हणाला, "एकतीस वर्षं झाली."

मी दाराची चौकट धरली. एकतीस वर्षं! माझ्या शेजारी झोपणारा माणूस, ज्याला खोटं बोलताना कान लाल होतात म्हणून मी हसायचे, त्यानं एकतीस वर्षं दर शनिवारी मला फसवलं आणि कान एकदाही लाल झाले नाहीत. पुडी ठेवायचा कुठे? माझ्या घरात उंदराचं शेपूट लपत नाही, तिथे सशाची मुंडकी? आणि माझा वाडगा एनॉक रोज खुराड्याकडून रिकामा आणायचा, तो कुणी चाटला?

हेग गेल्यावर मी ती पुडी खुराड्यात सोडली. बिशपनं मुंडकं हाडासकट फोडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. दहा दिवसांत तो चारी पायांवर उभा होता. मी मात्र खाली बसले, कारण तेव्हा मला कॅप्टन आठवला.

कलम सहावं. कॅप्टन आमचा सर्वांत मोठा फेरेट. सन १९०५ मध्ये मेला. मरायच्या तीन दिवस आधी मी समोरच्या घरातली झिला क्रॅबट्री आमच्या खुराड्याशी वाकून त्याला काहीतरी भरवताना पाहिली होती. मी रविवारी प्रार्थनाघराच्या अंगणात सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "विष घालणारे!" तिनं मान खाली घातली. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. ती बाक बदलून मागे बसायला लागली. आमच्या दारांमध्ये नऊ पावलांचं अंतर आहे आणि ते मी एकतीस वर्षांत ओलांडलं नाही. तिच्या कोंबड्या सगळ्या रांगेत गुबगुबीत, याचासुद्धा मला राग यायचा.

कॅप्टनही मरायच्या आधी मागचे पाय ओढत होता. अगदी बिशपसारखे. त्याला झिलानं मारलं नाही. मी मारलं, चमच्यानं, लाडानं, वर काकवी घालून.

म्हणून माझे दोन्ही फेरेट, खुराड्यासकट, माझ्यानंतर झिला क्रॅबट्री हिला. मुलगा म्हणतो, "आई, अगं तूच पन्नास वर्षं पाव-दूध घालत आलीस, आणि आता मलाच शिकवतेस? फेरेट उपाशी ठेवला की शिकार जोरात करतो." विल्फ्रेड, तुला उपाशी ठेवून खाणीत धाडलं असतं तर किती कोळसा काढला असतास रे? तू फेरेट शनिवारी झिलाकडून मागून न्यायचे, त्यांचं पोट भरल्यावर.

जो कोणी त्यांना सांभाळेल त्यानं हे पाळायचं. मांस, हाडासकट, ससा दिला तर केसांसकट. त्यांचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, म्हणून एकदाच ढीग ओतायचा नाही, थोडं थोडं चार वेळा द्यायचं. आठवड्याला एक अंडं, जास्त नाही. पाणी सदा स्वच्छ. उरलेलं ते कोपऱ्यात लपवतात, ते शोधून काढून टाकायचं. दूध नाही, पाव नाही, काकवी नाही, आणि चहात बुडवलेलं बिस्किट नाही, विल्फ्रेड. हे कलम प्रार्थनाघराच्या अंगणात, जिथे मी ओरडले होते तिथेच, मोठ्यानं वाचावं. ज्यांना मी दूध वाढवायला सांगितलं त्यांनी पुढे येऊन ऐकावं.

कलम सातवं. निळ्या काठाचा वाडगा, ज्यात मी पाव कुस्करायचे, तो विल्फ्रेडनं फोडून टाकावा.

इथवर झालं तेव्हा मी पिंडरना थांबवलं आणि विल्फ्रेडला समोर पाठवून झिलाला बोलावून घेतलं. माझ्या मागे कलम सहा वाचलं तर तिचं तोंड कसं होतं ते मला दिसायचं नाही, आणि तेवढी करमणूक मी सोडणार नव्हते. पुढचं पिंडर जसंच्या तसं लिहीत आहेत.

झिला आली. उंबऱ्यावरच उभी राहिली. पिंडरनी कलम सहा वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "काळीज होतं ते."

"काय?"

"कॅप्टनला भरवलं ते. काळजाचा तुकडा. पाय ओढत होता गं तो. माझ्या बापाकडे फेरेट होते, मला कळत होतं. पण उशीर झाला होता."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस, बये?"

"एनॉक त्या रविवारी रात्रीच आला होता माझ्याकडे. विचारायला, काय घातलंस. मी सगळं सांगितलं. म्हटलं, जा, सांग तिला. तो म्हणाला, 'झिला, ती दोन दिवस त्याला मांडीवर घेऊन बसली होती. आपल्या हातानं गेला हे कळलं तर पुन्हा कशाला हात लावणार नाही. तू शिव्या खाशील का?'" झिलानं एप्रन सारखा केला. "मग खाल्ल्या."

पिंडर साहेब, इथे थोडी जागा कोरी सोडा.



"आणि पुडी?" मी विचारलं.

"माझ्या कोठीतल्या थंड फरशीवर. एकतीस वर्षं. तुझ्या घरात लपली असती का?"

"आणि माझा पाव?"

"माझ्या कोंबड्यांना विचार."

विल्फ्रेड फिसकन हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तसा थांबला. मग मला एक गोष्ट सुचली. "झिला, त्या दिवशी हेग..."

"मीच धाडला. खिडकीतून रोज बघत होते, बिशपचे पाय. तुला सांगायला येऊ कशी? विष घालणारी मी." ती पुढे झाली आणि टेबलावरचा वाडगा उचलून तिनं आतून बोट फिरवलं. "हा कशाला फोडतेस? चांगला आहे. पाण्याला होईल."

कलम आठवं. वरचं सातवं कलम रद्द. वाडगा पाण्याला.

मग पिंडर म्हणाले, दोन साक्षीदार लागतात, एक मी होईन, दुसरा कोण? आणि सूचनेदाखल सांगितलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष केली तर त्याची देणगी बुडते. म्हणून झिलाबाई सोडून कुणीतरी पाहा.

झिला म्हणाली, "टाक द्या इकडे."

मी ओरडले, "अगं, ऐकलंस ना? फेरेट जातील तुझे!"

"तू मरायची वाट बघत बसू होय? तोवर हा तुझा मुलगा बिस्किटं घालेल. दोघांना आत्ता नेते, खुराड्यासकट. मृत्युपत्रात नको, हातात दे."

"आणि मी काय करू? परसात रिकाम्या जागेकडे बघत बसू?"

"नऊ पावलं आहेत, सेलिना. मोजली नाहीस का कधी? ये भरवायला चार वेळा. आणि पुडी आता तुझ्या फरशीवर ठेवायची. माझ्या कोठीला एकतीस वर्षं वास येतोय."

कलम नववं. कलम सहामधली देणगी रद्द, कारण ती माझ्या हयातीत, आज, या टेबलावरून दिलेली आहे. कलम सहामधलं खाण्याचं सगळं आणि अंगणातल्या वाचनाचं सगळं कायम. वाचन मी मरायची वाट न बघता उद्याच करावं, विल्फ्रेडनं वाचावं, मी शेजारी उभी राहीन. माझ्या दफनानंतर या मृत्युपत्राची अंमलबजावणी विल्फ्रेड करील. घड्याळ दहा मिनिटं पुढेच ठेवील.

हे सर्व मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी हो म्हटलं. दोन ठिकाणी मला ऐकवेना, तेव्हा पुन्हा वाचायला लावलं.

सेलिना मुरहाउस हिची निशाणी: X

आम्हा दोघांच्या समक्ष तिनं ही फुली केली आणि आम्ही तिच्या समक्ष सह्या केल्या. साक्षीदारानं धंदा लिहायचा असतो असं मी, पिंडरनं, झिलाबाईंना सांगितलं. त्या आयुष्यभर विणकर होत्या. त्यांनी स्वतःच्या अक्षरात जे लिहिलं ते सेलिनाबाईंना वाचता येईना. त्यांनी विचारलं, "काय लिहिलं तिनं? वाचा." मी वाचलं. खाली तसंच आहे.

साक्षीदार: हर्बर्ट पिंडर, धंदा: वकिलांचा कारकून
साक्षीदार: झिला क्रॅबट्री, धंदा: शेजारीण

अपर क्लफ, शनिवार, १४ नोव्हेंबर १९३६