बैलाच्या नावाचं औषध

मालेगाव (वाशीमजवळ),
माघ वद्य तृतीया, सन १९५५

तीर्थस्वरूप जगदेवराव भाऊजी यांस इंद्रभानचा शिरपूरच्या दिशेनं साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा हात तूर्त टेकवलेला नाही, तो मागाहून पोचता करीन. कारण पुढं येईलच.) आपली तब्येत कशी आहे, मनकर्णाताईचा खोकला थांबला का, तूर किती झाली, हे सगळं कळवावं. इकडं सर्व खुशाल आहे. अक्षर असं का आलं म्हणून विचारू नये. मधलं बोट रुसलेल्या पाहुण्यासारखं बाजूला बसवून बाकीच्या बोटांनी लिहितो आहे.

भाऊजी, तुम्हाला ठाऊक आहे, मी या गावात आलो तो दुसऱ्याच्या बैलाचा कासरा धरून. आज बैलबाजारात माझ्याशिवाय सौदा ठरत नाही. ते दोन गोष्टींच्या जोरावर, कान आणि हात. बैलाकडं पाठ करून उभा राहिलो तरी कोणत्या पायावर तो भार देत नाही हे मी टापांवरून सांगतो. आणि हाताचं तर काय, सगळा भाव रुमालाखाली. कुणी कुणाची किती बोटं धरली हे वरून देवालाही दिसत नाही. तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही. वीस वर्षं माझ्या बोटांनी कधी चूक केली नव्हती.

दिवाळीनंतर ती झाली. सकाळी मूठ मिटताना उजव्या हातातून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवरून बैल चालल्यासारखा आवाज यायला लागला होता. (तो इतरांना येत नाही. तीक्ष्ण कानांचा हाच एक तोटा.) सांधे सुजले, आणि मधलं बोट मिटेनासं झालं. ऐन बाजारात रुमालाखाली मी दोन बोटं दाखवली, तिसरं आपल्या मनानं उभं राहिलं, आणि समोरच्यानं तीनही धरली. धरलं म्हणजे झालं, बाजारात शब्द फिरवता येतो, बोट नाही. अशा रीतीनं दात पडलेला एक म्हातारा बैल मी जवान बैलाच्या भावानं घेतला. लोक म्हणाले, इंद्रभाननं यात काहीतरी पाह्यलं असल बुवा! मीही मिशीतल्या मिशीत हसलो. करतो काय? दलालाचं बोट गेलं हे एकदा कळलं की उद्यापासून माझ्या रुमालाखाली कोणी हात घालणार नाही.

म्हणून औषध हवं होतं, पण माझ्या नावानं नको होतं. तांड्यावरचा लखीराम जडीबुटीचा जाणकार. त्याच्याकडं गेलो आणि म्हणालो, माझ्या त्या म्हाताऱ्या बैलाचा गुडघा सुजतो, सकाळी आखडतो, थंडीत ठणकतो. (हे सांगताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा लखीरामला वाटलं काय जीव आहे मालकाचा जनावरावर.) त्यानं निर्गुडी, एरंडमूळ, सुंठ आणि आणखी तीन मुळ्या, ज्यांची नावं तो मेला तरी सांगणार नाही, एवढ्याचा काढा सांगितला, सकाळी सहा शेर, बांबूच्या नळकांड्यानं पाजायचा. वर चोळायला एक काळा लेप दिला. माणसाला किती द्यायचा हे विचारायची सोय नव्हती. मी मनाशीच मांडणी केली. बैल माझ्या सहापट, तेव्हा मला एक शेर. मांडणी बरोबर होती, पण एक शेर काढा म्हणजेही काय असतो ते त्या दिवशी मला कळलं. बाजारात कमी आणि तांब्या घेऊन धुऱ्याकडं जास्त होतो. लेपाचा मात्र सहावा हिस्सा करता येईना, कारण बोटभर लेप तो बोटभरच. त्यात बिब्बा होता हे लखीराम बोलला नव्हता. बैलाच्या कातडीला त्याचं काय? माझ्या हाताला मात्र लाह्या फुटाव्यात तसे फोड आले.

आमच्या कारभारणीनं, प्रयागनं, विचारलं तर म्हणालो, बैलाला लेप लावताना लागला. जेवताना मी डाव्या हातानं भाकर मोडत होतो, ते तिनं पाहिलं आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली, "तुमचा बैल आजकाल डाव्या हातानं जेवून राह्यला काय?" मी पाणी प्यालो. (तेही डाव्याच हातानं.)

चार दिवसांनी लखीराम बैल पाहायला आला. बैलाचे पाय पहिल्यापासूनच ठणठणीत! तो आमच्या अंगणात असा चालला की नवरदेवानं पाहावं. लखीरामनं त्याचा गुडघा दाबला, वाकवला, आणि तांड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाह्यलं? चार दिवसांत वासरू करून टाकलं!" झालं, औषधाचं नाव पंचक्रोशीत झालं. उठला तो माझ्याकडं येऊन बैल पाहून जातो, आणि मी हात धोतराच्या सोग्यात घालून त्यांना औषधाचा गुण सांगतो.

आणि परवा कोण यावं? शालिग्राम. बाजारातला दुसरा दलाल, माझा दावेदार, पंधरा वर्षांत माझ्या ओसरीला ज्याचा पाय लागला नाही तो. म्हणाला, "मायाही बैल गुडघ्यानं हैराण हाये भाऊ. सकाळी उठतच नाही. जिना तर चढूच शकत नाही." भाऊजी, बैल कशाला जिना चढेल? तेवढ्यात तो ओसरीवर टेकायला गेला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यातून कडकन आवाज आला. माझे कान! मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं छपराकडं. उरलेला सगळा लेप मी त्याला देऊन टाकला आणि सांगितलं, बिब्बा आहे, तुमचा बैल नाजूक असेल तर आधी खोबरेल लावा. "बैल तो बैल, नाजूक काहून राहीन?" म्हणून तो गेला. काल बाजारात आला तो उजवा पाय घोंगडीत गुंडाळून. आम्ही दोघांनी एकमेकांच्या बैलाची अगदी मनापासून चौकशी केली.

हे सगळं तुम्हाला हसायला लिहिलं. तुम्ही हसाल, ताईला मात्र वाचून दाखवू नये. तुमच्या लग्नात आमच्या बाबांनी तुमच्या हातावर पाणी सोडलं, तेव्हा ताईनं त्यांचा हात खालून धरला होता, आठवतं? लोकांना वाटलं बापाची माया. खरं म्हणजे त्यांच्या बोटांना तांब्या पेलत नव्हता. पुढं सात वर्षं ते हात ओंजळ केल्यासारखे घेऊन बसले, आणि ती ओंजळ कधी उघडली नाही. त्यांचंही सुरू मधल्या बोटापासूनच झालं होतं. असो. पुढच्या महिन्यात वाशीमला मोठा बैलबाजार आहे.

आपला,
इंद्रभान

ता. क. : मोटारवाल्याच्या हाती ताईसाठी एरंडीचं तेल पाठवतो आहे. बाटली परत करावी.

ता. क. दुसरा : वाशीमला हाडासांध्यांचं जाणणारे एक नवे डॉक्टर आले आहेत म्हणतात. मला तिथं सगळे ओळखतात, तुम्हाला कोणी नाही. तर कृपा करून एक दिवस यावं आणि आजारी माणूस म्हणून तुम्हीच पुढं बसावं. मी तुमचा मेहुणा म्हणून शेजारी. दोघांवर एकच घोंगडी घेऊ. डॉक्टर हात मागतील तेव्हा घोंगडीतून निघेल तो माझा. (शिकलेली माणसं दुखणं पाहतात, हात कुणाच्या खांद्याला लागला आहे ते पाहत नाहीत.) तुम्हाला मी बैल समजतो असं कृपया मनात आणू नये.

ता. क. तिसरा : शेवटी त्यांना एकच विचारावं, हे हात सासऱ्यांसारखे, म्हणजे आमच्या बाबांसारखे, होतील का? ते विचारताना मी रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहीन. नुसत्या भिंतीआडून मला ऐकू येतं. तुम्ही बाहेर आल्यावर तोंडानं काही बोलू नका, रुमालाखाली हात द्या. होणार नसतील तर माझा अंगठा धरा, हवा तेवढा जोरानं. होणार असतील तर मधलं बोट धरा. पण ते हळू धरा भाऊजी, फार दुखतं.