पारूची भजी आणि माझा बैल

मु. मुरबाड, फाल्गुन शुद्ध पंचमी

राजमान्य राजेश्री देवजीदादा यांस नथूचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुमची कंबर आणि म्हैस दोघी कशा आहेत ते कळवावे. पत्रास कारण, तुमच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या पारूने, पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेत स्वतःचे भज्यांचे दुकान मांडले होते. त्याबद्दल तुमच्या कानी काहीबाही येईल, म्हणून खरे काय ते मीच कळवतो.

त्या कमाईतून मुरबाडच्या मोटारतळावर दुकानाला कायमचे छप्पर घालायचे, असा पारूचा बेत. भावकी नाके मुरडत होती, पण मी पहिल्यापासून तिच्या पाठीशी (अगदी पाठीशीच, कारण भज्यांची टोपली तिथे असते). गिऱ्हाईक गिऱ्हाईकाला ओढते, म्हणून मी स्वतःच गिऱ्हाईक होऊन बसलो. दोन घाण्यांनंतर पारू म्हणाली, "अवो, दुसऱ्यांना काय ठेवाल का नाय?" आणि तिने टोपलीवर फडके टाकले.

आता दुकान नेमके बैलबाजाराला लागून. शेजारच्या फळीवर कोंडू दलाल एका बैलवाल्याशी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत होता. (तोंडाने भाव बोलायचा नाही, बोटे दाबली की सौदा पक्का, ही बाजाराची रीत तुम्हांस ठाऊकच.) मी पारूवर नजर ठेवून हळूच फडक्याखाली हात घातला. आत जाडजूड, गरमागरम काहीतरी लागले. ते कच्चे तर नाही ना, म्हणून दाबून पाहिले. ती बैलवाल्याची बोटे निघाली, नि फडके नव्हते, रुमाल होता. बैलवाला ओरडला, "सौदा झाला! बैल तुमचा!"

रुमालाखालचा शब्द रुमालाबाहेर फिरत नाही, म्हणजे छपराचे पैसे आता बैलाला. दादा, पारूचे तोंड पाहून मला रडूच आले. तिचे छप्परच मी मुठीत दाबले होते.

पारूने पदराला पीठ पुसले. "तुमी उठा नि गप बसा," मला म्हणाली, आणि रुमालाखाली स्वतः हात घातला. म्हशाच्या बाजारात बाईमाणसाने हे कधी केले नव्हते. जन्मभर तव्यावरच्या भाकऱ्या उलटणारी ती बोटे. आत काय झाले देव जाणे, पण बैलवाला घामाघूम झाला आणि निम्म्याने उतरला. वर दावे, घुंगुरमाळ आणि मळणीची मुसकीही देऊन गेला. ही बाई कोण ते पाहायला सारा बाजार लोटला, आणि भजी हातोहात संपली. थोडक्यात, माझ्यामुळे धंदा वाढला.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

ता. क. बैल आता भाड्याने गाडीला जातो, आणि त्याच्या कमाईवर छप्परही चढले. मला मात्र दुकानात बंदी आहे. तुमचा शब्द ती मोडत नाही, तरी दोन ओळी लिहाव्यात.

दुसरा ता. क. पारू समोर बसून सांगते आहे, ते लिहिणे भाग आहे: "दादा, यांना येऊ दे. पण मळणीत बैलानं धान्य खाऊ नये म्हणून बांधतात ती मुसकी बांधून येऊ दे."

तिसरा ता. क. मुसकी घालून पाहिली. नाकापाशी घट्ट होते. तुमच्याकडे मोठी असल्यास पाठवावी.