शिळ्या भाकरीची सून

आष्टी, ता. परतूर
दि. १३ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप आत्याबाईंना,
वंदनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे भोकरदनला तुमचं, रेणुकाताईंचं आणि जावईबापूंचं बरं चाललं असेल असं धरून चालते. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र रेणुकाताईच वाचून दाखवतील. ताई, मधलं काही गाळू नका. तुमच्याबद्दलही लिहिलं आहे, तेसुद्धा मोठ्यानेच वाचा.

फोन असताना सून पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. आपल्या घरात फोनवर बोललेल्याचं पुढे काय काय होतं, ते तुम्ही जाणता. माझं ओरडणं, माझं शिंकणं, सगळं कुठल्या ना कुठल्या व्हिडिओला जोडून झालं. कागदाला तेवढा आवाज नाही, म्हणून कागद घेतला.

सोयाबीन काढून झालं. तुमची कबरी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. काल दसरा झाला. सोनं द्यायला घरात वडीलधारं कोणी नव्हतं, तेव्हा मी तुमच्या बाजेवर पानं ठेवली आणि सकाळी उचलून शेळीला घातली. मोनिका बरी आहे. परतूरच्या स्थळाचं काय झालं, असं ताईंनी मागे विचारलं होतं. ते पुढे लिहिते.

आधी तुम्हाला एक आठवण द्यायची आहे. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद झाली, मोनिकाच्या पप्पांचं शूटिंगचं काम बंद पडलं, आणि कॅमेरा नुसता खुंटीला लटकला. तेव्हा त्यांनी तुमचे व्हिडिओ काढून यूट्यूबच्या चॅनलवर टाकायला घेतले. तुम्ही मेंढरांमागे चालत किती मुलूख पाहिला, लांडगा कसा हाकलला, रानात मेंढरांच्या वाड्यावर लेकरं कशी जन्मली, सगळं सांगत होतात. काय सुरेख सांगत होतात! मी चुलीपुढे बसून ऐकायचे आणि भाकरी करपायची. पण ते पाहिलं कोणी? आपल्याच पाव्हण्यारावळ्यांनी, तेही अर्धंमुर्धं.

मग एक दिवस भाजीत मीठ जास्त झालं आणि आपण दोघी खोटंखोटं भांडलो. ते लाखांनी पाहिलं. त्या दिवशी चॅनलचं नाव बदललं आणि माझंही नशीब. तुम्हीच मला म्हणाला होतात, "वंदे, तू वाईट हो. म्या म्हातारी वाईट झाले तर कोन बघंल? आन तुला काय फरक पडतो? खरं काय हाय ते आपल्याला म्हाइत हाय ना."

मी झाले वाईट. पदर खोचला, भुवया रंगवल्या, तुमच्या ताटात शिळी भाकर आपटली. ती भाकर तुम्हीच मागून घेतली होती, कारण शिळी भाकर दुधात कुस्करून खायची तुमची जन्माची आवड. शूटिंग संपल्यावर आपण दोघींनी एकाच ताटात ती खाल्ली. ते कोणी पाहिलं नाही, कारण तेव्हा कॅमेरा बंद होता.

सुरुवातीला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? जेवताना मोनिकाचे पप्पा लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायचे आणि हसता हसता तुम्हाला ठसका लागायचा. "वंदे, नांदेडची बाई तुला मुस्काडाया येऊन राह्यली, दार लावून घे!" पण लोक आता मोबाईलमधून बाहेर येऊन बोलायला लागले होते. परतूरच्या बाजारात आपण दोघी बांगड्या भरायला बसलो, आठवतंय? कासारणीने माझा हात सोडून दिला. म्हणाली, "शिळ्या भाकरीवाली ना तू? आधी सासूला पोटभर घाल, मंग नटायला ये." मी तुमच्याकडे पाहिलं. 'बाई, ते खोटं असतंय' एवढंच तुम्ही म्हणाल असं वाटलं. तुम्ही हात पुढे केलात आणि तिने फुकट दिलेल्या बांगड्या भरून घेतल्यात. मी स्वतःची समजूत घातली की म्हातारं माणूस आहे, भांबावलं असेल.

रेणुकाताई, आता तुमचं. आत्याबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याला लागलं, तेव्हा तुम्ही आला होतात. त्यांना कोण उठवत होतं, कोण बसवत होतं, अंथरूण कोण धूत होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाला होतात, "वैनी, तुम्ही हायेत म्हून मी बिनघोर हाय." डोळ्यांनी पाहिलेलं तुम्ही विसरलात आणि मोबाईलवर पाहिलेलं खरं मानलंत. आत्याबाईंचं एक वेळ मी समजू शकते. तुमचं मला अजून समजत नाही.

आता परतूरचं. बद्रीनाथरावांच्या मुलाला मोनिका पसंत होती. मुलगा जालन्याला नोकरीला, स्वभावाने गरीब, घरी कोरडवाहू का होईना पण रान. मोनिकालाही तो आवडला होता. ती सांगायची नाही, पण फोन वाजला की आधी आरशात बघायची. सुपारी फोडायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात मुलाच्या आईला कोणीतरी शिळ्या भाकरीचा व्हिडिओ दाखवला. खाण तशी माती, असं म्हणाली ती. तरी बद्रीनाथराव भला माणूस. त्यांचा निरोप आला की, नाटक आहे म्हणता ना, मग आजीच्या तोंडून एकदा कळू द्या, आमचं काही म्हणणं नाही.

मी म्हणाले, आत्याबाईंना गाडीत घालून परतूरला नेऊ, समोरासमोर बसवू. मोनिकाचे पप्पा म्हणाले, "एकाला सांगत बसण्यापेक्षा व्हिडिओच टाकू. साऱ्या सोयऱ्यांना एकदाच कळंल." मला ते पटलं. हे मात्र माझं मीच पटवून घेतलं.

त्या दिवशी लिंबाखाली बाज टाकली. मी चांगलं लुगडं नेसले, भुवया धुऊन टाकल्या. तुम्ही बोललात ते शब्द मला पाठ आहेत. "सून माझी लेकीवाणी हाय. मला काईच तरास न्हाई. ते समदं खोटं आसतंय." शब्दांत एका अक्षराची चूक नव्हती. पण प्रत्येक वाक्याआधी तुम्ही माझ्याकडे बघत होतात, चोरून, घाबरून, अगदी व्हिडिओत बघता तसं. आवाज कापत होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतात. शेवटी कॅमेऱ्याला हात जोडलेत आणि डोळ्यांतून पाणी काढलंत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 'आजी घाबरल्या आहेत.' 'बाई शेजारी बसून दम देतीय.' 'हिला आत टाका.' चॅनलवर आजवर सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तोच आहे.

मग भुजंग आला, बूम म्हणतात तो माईक घेऊन. आपला भुजंग हो, आधी झेरॉक्सचं दुकान होतं तो. आता त्याचं न्यूज चॅनल आहे आणि बूमवर त्याचं स्वतःचं नाव आहे. आपल्या घरी बसून किती वेळा जेवलाय. दारात कॅमेरा लावून मला विचारतो, "सासूला धमकावून व्हिडिओ बनवला, यावर तुमचं काय म्हणणं आहे?" मी म्हणाले, "भुजंगभाऊ, तुम्हाला खरं ठाऊक नाही का?" त्याने आधी माईक बंद केला, मग बोलला. "वैनी, मला समदं म्हाइत हाय. पण खरं दाखवलं तर कोनी बघून न्हाई राह्यलं. आज हे टाकतो, उद्या तुमची बाजू टाकतो. तेवढेच दोन व्हिडिओ होतेत." उद्या काही तो आला नाही. पूर्वी पेपरात खोटं छापून आलं तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात का होईना, खुलासा यायचा. आता खुलाशालाही गिऱ्हाईक लागतं.

आणि दुसऱ्या दिवशी ताई गाडी घेऊन आल्या. मला एक शब्द विचारला नाही. तुम्ही पिशवी भरून बसला होतात. दारातून जाताना मोनिका तुमच्या पाया पडली, तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि निघालात. तेव्हाही मी मनात म्हणत होते, सवय झाली हो म्हातारीला. कॅमेरा दिसला की तिला तसंच येतं, त्यात तिचा काय दोष?

बद्रीनाथरावांकडून निरोप आला तो तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. मुलाचं दुसरीकडे जमवलं आहे. मोनिकाने ऐकलं आणि शेळीला पाणी दाखवायला गेली. बराच वेळ आली नाही. मोनिकाचे पप्पा मला म्हणाले, "स्थळ दुसरं बघता येतं. असं चॅनल दुसरं उभं न्हाई राहत." हे वाक्य ते तुमच्या देखत बोलले असते का, असा विचार माझ्या मनात आला होता. आता येत नाही. कारण पुढे जे लिहिते ते मला कळलं आहे.

परवा मोनिकाच्या बायोडाटासाठी फोटो हवा होता, म्हणून मी त्यांचा शूटिंगचा मोबाईल घेतला. त्यात तो लिंबाखालचा व्हिडिओ पुरा होता, न कापलेला. ते "झालं" म्हणतात, मी उठून आत जाते. मोबाईल तसाच चालू राहिलाय. तुम्ही डोळे पुसता आणि अगदी रोजच्या, स्वच्छ आवाजात विचारता, "शिवा, बराबर झालं का? का आजून रडाया पाहिजे व्हतं?" ते म्हणतात, "बिलकुल बराबर. एक नंबर, आई." मग तुम्ही घराकडे बघता आणि विचारता, "वंदीला कळलं न्हाई ना?"

मी त्या वेळी आत तुमचा चहा टाकत होते. बिनसाखरेचा.

मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. खोटं लिहीत नाही, पहिल्यांदा तुमची कीवही आली. जन्म मेंढरांमागे गेला, कोणी नाव विचारलं नाही. आता बसस्टँडवर बाया पाया पडतात, लुगडी पाठवतात, 'आजी, आमच्याकडे या' म्हणतात. चांगल्या सुनेच्या सासूला कोण लुगडं पाठवणार? तुम्ही खरं बोलला असतात तर ती माया आटली असती. हे सगळं मला समजतं. पण आत्याबाई, त्या मायेची किंमत म्हणून तुम्ही मोनिकाला दिलंत, जिला तुम्ही स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातलं होतं. ते मला समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. मला तुमचा राग येतो. तुमच्या लेकाचा येतो, पण त्याहून तुमचा जास्त येतो, कारण त्यांच्यावर माझा फार भरवसा कधी नव्हताच.

तो व्हिडिओ मी टाकणार होते. कसा टाकतात ते इतक्या वर्षांत पाहून पाहून मलाही येतं. वर लिहायचं तेसुद्धा लिहून झालं होतं. मोनिकाने माझ्या हातातून मोबाईल घेतला. तिने तो पाहिला, पुरा पाहिला. आणि पुसून टाकला, परत मिळू नये असा.

मी तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा मारली, तेही तुमच्यापायी. ती गाल धरून म्हणाली, "आई, लोकांनी तुला काय काय लिव्हलं ते मी समदं वाचलंय. तेच आता आजीला लिव्हतील. तिला सोसंल का?" मी म्हणाले, तुझं लग्न मोडलं तिने. तर म्हणते, "ते मोडलंच ना आता. मंग आजीला कशाला मोडायचं?"

म्हणजे आता पुरावा काही राहिला नाही. तुम्ही "वंदी खोटं लिव्हती" म्हणालात तर ताईंना ते मानावं लागेल, आणि त्या मानतीलही. लोकांनी तर आधीच मानलं आहे.

दिवाळीला मोनिकाचे पप्पा तुम्हाला न्यायला येणार आहेत, कॅमेरा घेऊन. 'सासू घरी परतली' असं नाव ठरलं आहे. मी दारात ताट घेऊन उभी राहायची, पाया पडायचं, रडायचं, असं मला सांगितलं. मी नाही म्हणाले. आता मी त्या कॅमेऱ्यापुढे ना वाईट होणार, ना चांगली. त्यांना दुसरी सून बघू द्या, हल्ली पैसे दिले की मिळतात. तुमचं जेवणखाण, औषधपाणी मी पूर्वीसारखंच करीन. त्यात कसूर होणार नाही. त्याहून जास्त माझ्याकडून धरू नका.

मोनिका म्हणते, आजीला मी ओवाळीन. ओवाळून घ्या. ताट तिच्या हातात असेल तेव्हा कॅमेऱ्याकडे बघू नका, तिच्या तोंडाकडे बघा. या घरात तुमच्यावर खरोखर माया करणारं एकच माणूस राहिलं आहे. परवापर्यंत दोघी होतो.

कळावे,
मोनिकाची आई,
वंदना