पलीकडचा दांडा

२ डिसेंबर १९५७
अखेर पोचलो. चांद्याहून आलापल्लीपर्यंत मोटार, पुढे भामरागडच्या वाटेने ओंडके आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकवर उभा राहून. तोंडात धूळ, पण मन एकदम खूश. नागपूरच्या कॉलेजात दीड वर्षात दिसलं नाही तेवढं आकाश एका दुपारी दिसलं. प्राचार्य माफी लिहून मागत होते. मी कोरा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. दौत कोणाच्या अंगावर फेकली आणि काऊन, ते इथे लिहीत नाही. रंभेला माहीत आहे.

रंभेचे वडील म्हणाले, कॉलेज सोडलेल्या पोराला पोरगी काय पाहून देऊ? संक्रांतीपर्यंत कुठे कायम लागून दाखव, नाहीतर दुसरं स्थळ बघतो. इथला ठेकेदार म्हणाला, संक्रांतीपर्यंत मशीनने झाडं पाडून दाखव, कायम करतो. दोन्ही गोष्टी एकाच सणावर टेकल्या आहेत.

३ डिसेंबर
आज मशीन निवडली. इथले मिस्त्री जलालुद्दीन, पांढरी दाढी, लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात होते. त्यांच्या छपरीत दोन यंत्रकरवती आहेत. एक नवी, हलकी, एकट्याने चालवायची. दुसरी लष्कराच्या लिलावातली, माणूसभर लांब. पट्टीवरून दातेरी साखळी फिरते; एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला जोडीदाराने धरायचा लोखंडी दांडा. तो दांडा मात्र जागेवर नव्हता.

मिस्त्री म्हणाले, कालेजवाले, नवशिक्यानं झाड पाहून मशीन घेऊ नाई, आपले खांदे पाहून घ्यावं. हलकी उचल, घंटाभर उभा राह्य, मग बोल. साखळीले कानस कोण मारून देते ते पाह्य. अन् दोघांची मशीन असंल तर आधी दुसरा माणूस पाह्य, मशीन मागून.

मी मोठीच घेतली. छोटी म्हणजे शिंप्याचं यंत्र. रंभेला पत्रात काय लिहू, सदरे शिवतो म्हणून?

दांड्याचं विचारलं तर मिस्त्री कानस पुसत बसले. सांगितलं ते वारलूने. हा माडिया गडी माझा जोडीदार. मागच्या साली तो दांडा त्याचा भाऊ जंगू धरत होता. साग उलटा पडला, जंगू गेला. मेलेल्याच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करायचा आणि त्याच्या हातातलं त्या दगडापाशी ठेवायचं, अशी इथली रीत. दुसऱ्याने ते उचललं तर? वारलू म्हणाला, मग मेलेल्याले कामावर बोलावल्यासारखं होते, बाबू.

४ डिसेंबर
नवा दांडा चांद्याहून घडवून आणायला महिना जाईल. महिनाभर थांबलो तर संक्रांत आलीच. दुपारी गावाबाहेर गेलो. उभ्या दगडांची रांग, शेवटचा जंगूचा, छातीइतका. दांडा त्याला टेकवून ठेवलेला. ऊन कडक, लोखंड गार. उचलून आणला आणि बसवला. वारलू भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्या हाताकडे पाहत राहिला. मीच भडकलो. धरायचा तर धर, नाहीतर दुसरा गडी बघतो म्हणालो. त्याने धरला.

९ डिसेंबर
पाच साग पाडले. वारलू म्हणतो, जंगू मुळात हाताच्या आऱ्याचा, दोघांनी दोन टोकं धरून ओढायच्या करवतीचा माणूस. आऱ्यावर एकदा तू ओढ, एकदा मी, लोटायचं कोणीच नाई. मशीनवर पण तो ओढतच राहायचा, म्हणे.

संध्याकाळी बोटं सुन्न. चहाचा पेला हातात आहे की नाही, पाहून समजतं. मिस्त्री म्हणतात, थरथरीनं होते, शेक घे अन् दोन दिवस बस. बसलो नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आज दिवसभर रंभेची आठवण आली नाही. छातीत दुखलं नाही.

१६ डिसेंबर
वारलू म्हणाला, मी नुसता धरून राह्यलो, बाबू, ओढून नाई राह्यलो. ओढते ते दुसरं कोणी. आजच नेऊन ठेव. मी म्हणालो, संक्रांतीनंतर.
पण पट्टी लाकडात माझ्याआधी शिरते, हे खरं आहे.

२१ डिसेंबर
वारलू आला नाही. डोकं फिरलं, एकट्यानेच मशीन सुरू केली. बारा वाजलेले, लख्ख ऊन. पलीकडचं टोक भुईवर टेकलेलं होतं. ते उचललं गेलं. माझ्या कमरेइतकं. थांबलं.
झाड पडलं. मी भाकर खाल्ली. खाताना वाटलं, भीती वाटायला पाहिजे होती.

२७ डिसेंबर
कोपरापर्यंत काही समजत नाही. शेकोटीत बोट भाजलं, वासावरून कळलं. रंभेचा चेहरा आठवून पाहिला. वेणी आठवली. डोळे नाही.
मिस्त्रींनी मशीन बंद करवली. इंजिन थांबलं. हात पुढे जात राहिले — मी नव्हतो नेत.

२ जानेवारी १९५८
दांडा काढला, दगडापाशी नेला, सोडला. परतताना वाटेत मिस्त्री भेटले. म्हणाले, हातात काय आहे?
पाहिलं. दांडाच.

३ जानेवारी
पुन्हा गेलो. डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक उघडली. डावाही आता कळत नाही. सुटला असं वाटलं — मग पलीकडून ओढ. हलकी. कामावरची.
वारलू लांब उभा होता. जवळ आला नाही. म्हणाला, तूच बोलावलं, आता सुट्टी तो देईल तवा.

५ जानेवारी
रंभेचं पत्र. मिस्त्रींनी पाकीट फोडून दिलं. वडील कबूल. कायम झालास न झालास, ये. फक्त उत्तर तुझ्या हातचं पाठव, अक्षर पाहीन तेव्हाच खरं मानीन असं म्हणतात.
दोनदा वाचलं. काही झालं नाही आत.
दांडा खाटेखाली आहे. की हातात — खाली पाहत नाही.

६ जानेवारी
सकाळ. ट्रक दहाला जातो, त्याच्याबरोबर पत्र. मिस्त्रींनी टाक बोटांना सुतळीने बांधून दिला. अक्षर माझंच आहे अजून. मी येतो, एवढंच लिहायचं. तीन कागद गेले. आधी इथे लिहून पाहतो.
टाकाचं वरचं टोक — कोणी धरलंय. नुसतं धरून आहे. वाट पाहतं.
एकदा मी ओढायचं. मग तो.
प्रिय रंभा, मी ये
माझी पाळी झाली. आता त्याची —
प्रिय रंभा, मी