पूजेतला हूक

३० सप्टेंबर १९९८, खंडेनवमी

हमालांनी मार्केटच्या गेटवर ट्रक अडवले. आधी आमच्या लाठ्या, मग साहेबांची गोळी – मारोती हमालाच्या मांडीत. ठाण्याचा रायटर मी. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं – 'मारोतीने हूक उगारला. स्वसंरक्षणार्थ कमीत कमी बळ वापरले.' मग म्हणाले, "जप्तीला हूक नको? तुझा बाप हमालच होता ना?"

घरी आलो. पोती उचलायचा वडिलांचा, आण्णांचा हूक बायकोनं, शालननं पूजेत मांडलेला. लाकडी मुठीवर 'हौ' कोरलेलं – हौसेराव. तिच्यादेखत हळदकुंकू पुसलं, उचलला, ठाण्यात नेऊन जप्तीत ठेवला.

१ ऑक्टोबर, दसरा

शालन बोलत नाही. शेजारी सोनं द्यायला आले, तेवढ्यापुरती हसली.

४ ऑक्टोबर

नवमीला हमालांच्या टोळीतले सगळे हूक धुऊन पूजेला मांडतात. दसरा होईस्तोवर कुणी हात लावत नाही. म्हणजे त्या दिवशी गेटवर एकाच्याही हातात हूक नव्हता! साहेबांना हे ठाऊक नाही. मला होतं. लिहितानाच कळत होतं – इथं डायरीत तरी खोटं कशाला लिहू.

आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होती. साहेबांनी पूजेतलं रिव्हॉल्वर उचललं, मी पूजेतला हूक. लाज वाटते.

९ ऑक्टोबर

मारोतीची बायको राहीबाई ठाण्यात आली. तो हॉस्पिटलात, हाताला बेडी. तीनशे सात लावलंय – खुनाचा प्रयत्न. दहा वर्षं जाईल आत.

"तुमी हौसेराव मुकादमांचं ना? त्यांनीच आमच्या मालकास्नी टोळीत घेतलं."

पाणी दिलं तिला. दुसरं काय देणार होतो?

१४ ऑक्टोबर

साहेबांना तोंडावर सांगून टाकलं – गोळीबाराच्या मॅजिस्ट्रेट चौकशीत खरं बोलणार. हसले. "येडा झालास काय? जमाव पांगवताना झालंय. एकशे सत्त्याण्णव कलम आहे. सरकारच्या परवानगीशिवाय आपल्यावर केस उभी राहत नाही. टेन्शन घेऊ नको."

तुमची गोळी ड्युटीत बसेल, साहेब. घरून हूक आणून ठेवणं कुठल्या ड्युटीत बसवू? नोकरी जाणार. कदाचित मीच आत जाईन. जाऊ दे, ठरलं ते ठरलं.

शालनला सगळं सांगितलं. पंधरा दिवसांनी बोलली – "जावा. डबा करून देते."

१ नोव्हेंबर

उद्या चौकशी. युनिफॉर्मला इस्त्री केली.

२ नोव्हेंबर

बेलापूरला चौकशी. मारोती कुबडीवर आला. मॅजिस्ट्रेटनी हूक त्याच्या हातात दिला – "कोणाचा हा?" मुठीवरचं 'हौ' त्यानं अंगठ्यानं चाचपलं. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "वळखत न्हाई, साहेब."

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी ओळखतो."